कार्बनची प्रत

बोअरमवुडच्या स्टुडिओत, कपडेपटाच्या मागच्या खोलीत
मी पानं टाइप करायचे.
पहिला मसुदा पांढरा. बदल झाला की निळं पान,
मग गुलाबी, मग पिवळं.
हिरव्यापर्यंत पोचलो की समजायचं, पैसे संपत आलेत.
मला सगळे मिसेस गॅसेस म्हणत.
घैसास कुणाच्या जिभेला झेपलं नाही,
आणि पहिल्या वर्षानंतर मीही दुरुस्ती सोडून दिली.

पांढऱ्या पानांवर नावाडी म्हणजे एक म्हातारी होती.
दोन चंद्रांमधून मेलेल्यांना पलीकडे नेणारी,
दात पडलेली, तोंडाळ,
भाड्यावरून राजालासुद्धा न सोडणारी.
एका गुरुवारी ऑल्डक्रॉफ्टसाहेब भिजकी टोपी पिळत आले,
म्हणाले, तिला तेवीस वर्षांचा मुलगा करा.
मी दुपारच्या चहाआधी केला.
इंग्रजीत 'ती'चा 'तो' करायला
बहुतेक ठिकाणी एकच अक्षर खोडावं लागतं.
मराठीत वाक्यावाक्याला क्रियापद अडलं असतं,
कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

मुखवट्याच्या राजाने पहिल्याच भागात जळून मरायचं होतं.
पण रेज पार्टिंग्टनने चार महिने खपून
मुखवटा खऱ्या पितळेचा केला,
आणि हिशेबनीस म्हणाला, एवढा महागाचा, जाळायचा नाही.
म्हणून राजा वाचला.
आणखी दोन चित्रपट जगला,
शेवटी त्याला पश्चात्तापदेखील झाला.

नायक मोटरसायकलवरून पडला, घोटा गेला.
गुलाबी पान: त्याला जन्मापासून शाप आहे.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत
आठवड्याला तीनच दिवस वीज.
सूर्यनगरीचा दरबार, आठशे दिवे, रद्द.
मी टाइप केलं: गुहा. एक मेणबत्ती. दोघं कुजबुजतात.
टाइप केलं तेही मेणबत्तीतच,
हातमोज्यांची बोटं कात्रीने कापून.
पुढे त्या अंधाराच्या अर्थावर
विद्वानांनी केवढं लिहिलं!

तिसऱ्या भागाला शेवट सापडेना.
ऑल्डक्रॉफ्टसाहेब खिडकीशी उभे, कँटीनचे वाटाणे थंड झालेले.
मी बिस्किटांच्या डब्यातून जुनी कार्बनची प्रत काढली,
म्हातारीचं नदीवरचं बोलणं.
उभ्यानेच वाचलं त्यांनी, दोनदा.
हे कुणी लिहिलं?
तुम्हीच.
ते माझ्याकडे असे बघत राहिले
जणू त्यांच्या मेलेल्या आईचं पत्र मी इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं.

म्हातारी परतली. शेवटची सात मिनिटं.
त्या रात्री पत्रकारांना ते म्हणाले,
सगळं पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं.
खोटं बोलत नव्हते. मी चेहरा पाहिला,
त्यांना खरंच तसं आठवत होतं.

आई सांगायची, सहाव्या रात्री सटवाई येते,
कपाळावर लिहून जाते, ते खोडता येत नाही.
पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची ती आमच्यासाठी.
रंगीत कागद कुणी ठेवत नसे.
माझा पांढरा मसुदा होता: दोन वर्षं, थोडी शिल्लक, मग परत नाशिक.
आता नातू विचारतो तेव्हा मी म्हणते,
छे रे, इथेच राहायचं ठरवून आलो होतो आम्ही.
सहज निघतं तोंडातून.

डबा अजून आहे, कपाटावर.
कधी एखादा वापरलेला कार्बन खिडकीच्या उजेडात धरते.
एकावर एक चढलेल्या ओळी, उलट्या,
नायक म्हातारीत मिसळलेला, राजा जळतोय आणि रडतोय,
काही म्हणता काही लागत नाही.
फक्त एका कोपऱ्यात तिचं वाक्य स्वच्छ उमटलंय:
भाडं आधी टाक, बाबा.
कुठे जायचंय ते मग बघू.